दुकानदाराला स्वतःचा ब्राउझर कशाला? ॲमेझॉन सिल्कचं प्रकरण

हे प्रकरण का निवडलं

"एवढे ग्राहक आपले, मग ब्राउझर आपला का नको?" हा प्रश्न मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या बैठकीत अधूनमधून निघतोच. कुणी क्रोमचा बाजारहिस्सा पडद्यावर दाखवतं, कुणी डेटाचं महत्त्व सांगतं आणि विषय पुढच्या तिमाहीवर जातो. असा ब्राउझर खरंच काढला तर काय होतं, याचं सगळ्यात सविस्तर उदाहरण म्हणजे २०११ साली ॲमेझॉनने आणलेला सिल्क.

कंपनीचं नाव झाकण्यात अर्थ नाही, दुसऱ्या परिच्छेदातच ओळखू येईल. आतल्या माणसांची नावं मात्र इथे नाहीत, आणि बंद दाराआड कोण काय बोललं याचे अंदाजही बांधलेले नाहीत. पुढे जे पर्याय मांडले आहेत ते त्या काळात कुठल्याही विक्रेत्यासमोर खरोखर असलेले पर्याय आहेत. त्यांचं मोजमाप माझं.

पार्श्वभूमी

एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड बाजारात आला. ॲमेझॉनच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. पुस्तकं, गाणी, चित्रपट हा माल कागदावरून आणि चकतीवरून उठून पडद्यावर चालला होता, आणि तो पडदा ॲपलचा होता. ॲपच्या आतून डिजिटल माल विकायचा तर ३० टक्के ॲपलला द्यायचे, हा नियम होता. जुलै २०११ मध्ये त्याचा चटका बसला. आयफोन-आयपॅडवरच्या किंडल ॲपमधलं दुकानात नेणारं बटण ॲमेझॉनला काढून टाकावं लागलं. वाचक पुस्तक वाचू शकत होता, पण त्याच जागी विकत घेऊ शकत नव्हता.

त्यावर ॲमेझॉनने काय केलं, हे या प्रकरणात फार महत्त्वाचं आहे. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी किंडल क्लाउड रीडर आणला. तो ॲप नव्हता, ब्राउझरमध्ये उघडणारं वेबपान होतं. आयपॅडच्या सफारीत ते उघडलं की वाचनही करता येई आणि दुकानही शेजारीच. ॲप स्टोअरचा नियम ब्राउझरला लागू नव्हता. हे तंत्र म्हणून किरकोळ होतं, पण धोरण म्हणून किरकोळ नव्हतं. या गोष्टीकडे पुन्हा यावं लागेल.

दुसरीकडे कंपनीच्या हाती दोन मोठ्या जमेच्या बाजू होत्या. २००७ पासून किंडल विकल्यामुळे उपकरण बनवण्याचा अनुभव होता. आणि २००६ पासून ईसी२ ही भाड्याने सर्व्हर देणारी सेवा चालू होती. तेव्हा ब्राउझर बनवणाऱ्या कुणाकडेही एवढा सर्व्हरांचा ताफा विकायला ठेवलेला नव्हता.

एक वजाबाजूही होती. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या घोळामुळे ॲमेझॉनने आधी विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती. पैसे परत केले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण "हे यंत्र माझ्या हातात आहे, तरी ताबा त्यांचा आहे" ही जाणीव लोकांच्या डोक्यात शिल्लक राहिली.

अडचण

ॲमेझॉनने स्वतःचा टॅबलेट काढायचं ठरवलं, तो किंडल फायर. अँड्रॉइडचा मुक्त गाभा घेतला, पण गूगलचं प्ले स्टोअर आणि गूगलची ॲप्स त्यात ठेवली नाहीत. मग ब्राउझर कुठला द्यायचा? क्रोमची अँड्रॉइड आवृत्ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती, तिची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, फेब्रुवारी २०१२ मध्ये आली. अँड्रॉइडच्या गाभ्यासोबत येणारा एक साधा ब्राउझर होता, तोच काय तो तयार माल.

यंत्रही ताकदवान नव्हतं. सात इंची पडदा, ५१२ मेगाबाइट मेमरी आणि किंमत १९९ डॉलर. त्याच वेळी आयपॅड ४९९ डॉलरपासून पुढे होता. आयएचएस आयसप्लाय या संस्थेने यंत्र सोडवून काढलेल्या अंदाजानुसार ते बनवायलाच सुमारे २०१ डॉलर लागत होते. म्हणजे विक्रीवर नफा नाही, कमाई वापरातून. प्रमुखांनी पुढच्या वर्षी हे उघडच सांगितलं: ग्राहक यंत्र विकत घेतो तेव्हा नाही, वापरतो तेव्हा आम्हाला पैसे मिळायला हवेत.

वेबपानं मात्र जड होत चालली होती. सिल्कच्या घोषणेत ॲमेझॉनने स्वतः दिलेलं उदाहरण बघा. सीएनएनच्या मुखपृष्ठासाठी एका दिवशी १६१ फायली लागल्या, आणि त्या २५ वेगवेगळ्या डोमेनवरून, म्हणजे वेबपत्त्यांवरून आल्या. साधारण पानाला ८० फायली, १३ डोमेन. बिनतारी जोडणीवर सर्व्हरकडे जाऊन परत यायला एका फेरीला १०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. अशा फेऱ्या शेकड्यांनी होतात आणि त्यांतल्या थोड्याच एकाच वेळी करता येतात. उलट ईसी२ चे सर्व्हर इंटरनेटच्या मुख्य वाहिनीवर बसलेले. तिथून बहुतेक साइटपर्यंतची फेरी ५ मिलिसेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात. एकामागोमाग चाळीस फेऱ्या धरल्या तर हा फरक चार सेकंद विरुद्ध पाव सेकंदाहून कमी असा पडतो. कागदावर हे गणित मोहात पाडणारं आहे.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे अँड्रॉइडसोबत येणारा ब्राउझर रंग बदलून तसाच द्यायचा. खर्च नगण्य, वादही नाही. पण १९९ डॉलरचा टॅबलेट आयपॅडशेजारी ठेवला की "यात वेगळं काय?" हा प्रश्न यायचा, आणि व्यासपीठावर दाखवायला काही उरायचं नाही. मला वाटतं हा पर्याय तांत्रिक कारणाने मागे पडलाच नसेल, जाहिरातीच्या कारणाने पडला असेल.

दुसरा, भागीदारी. सर्व्हरवर पान गोळा करून, आवळून फोनवर पाठवायची कल्पना नवी नव्हती. ऑपेरा मिनी २००६ पासून जगभर तेच करत होता. आपल्याकडे तर ज्यांनी २जी च्या काळात साध्या फोनवर रेल्वेचं पीएनआर किंवा क्रिकेटचा स्कोर पाहिला आहे, त्यांना ऑपेरा मिनीची वेगळी ओळख करून द्यायला नको. पण भागीदाराचा ब्राउझर म्हणजे शोधखिडकीतून येणारी कमाई (शोधयंत्रवाले त्या जागेसाठी देतात ते पैसे) वाटून घ्यायची आणि सर्व्हर त्याचे, शिकणंही त्याचं. स्वतःकडे ईसी२ असताना हे गळी उतरणं कठीण.

तिसरा पर्याय लोकांच्या ब्राउझरमध्ये आपलं विस्तारक (एक्स्टेंशन) घालायचा. ॲमेझॉनने हे २००४ मध्ये ए९ या आपल्या शोधसेवेच्या टूलबारने करून पाहिलं होतं, आणि पुढेही ॲमेझॉन असिस्टंट नावाने बरीच वर्षं चालवलं. ते मार्च २०२३ मध्ये बंद झालं. विस्तारकाची गंमत अशी की तो स्वस्तात बनतो, पण दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून राहतो. शिवाय तिथे इतर भाडेकरूही येतात. कूपन शोधून देणारं हनी हे विस्तारक पेपॅलने सुमारे ४ अब्ज डॉलरला घेतलं. त्याच सुमारास, २०१९ च्या डिसेंबरात, ॲमेझॉनच्या साइटवर हनी वापरणाऱ्यांना "हे सुरक्षिततेला धोका आहे" अशी सूचना दिसू लागली. दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाच्या कानाशी दुसराच कुणीतरी भाव सांगत उभा असेल तर दुकानदाराला ते कसं रुचेल?

चौथा, थेट कॉम्प्युटरवर सगळ्यांसाठी ब्राउझर. २०११ मध्ये क्रोम झपाट्याने वर चढत होता. त्या शर्यतीत उतरायचं तर लोकांनी आपला ब्राउझर मुद्दाम उतरवून का घ्यावा, याचं उत्तर लागतं. "आम्ही चांगले दुकानदार आहोत" हे ते उत्तर नव्हे.

राहिला पाचवा: फक्त आपल्या यंत्रावर, आपल्या सर्व्हरांशी जोडलेला, आपला ब्राउझर.

निर्णय आणि अंमलबजावणी

२८ सप्टेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये किंडल फायरसोबत सिल्क जाहीर झाला. कल्पना अशी की ब्राउझरचं काम दोन ठिकाणी विभागायचं, काही टॅबलेटवर आणि काही ईसी२ वर. पानातल्या फायली सर्व्हर गोळा करणार, चित्रं पडद्याच्या मापाची करणार, आणि एकाच जोडणीवरून सगळं टॅबलेटकडे पाठवणार. त्यासाठी गूगलने काढलेला स्पीडी हा नवा नियमसंच वापरला. शिवाय हजारो लोक एका पानावरून पुढे कुठे जातात ते पाहून, तुम्ही टिचकी मारण्याआधीच पुढचं पान तयार ठेवायचं.

सोप्या शब्दांत सांगायचं तर लग्नाच्या खरेदीसाठी स्वतः पंचवीस दुकानं पालथी घालण्याऐवजी लक्ष्मी रोडलाच राहणाऱ्या मावशीकडे यादी द्यायची. ती झटपट सगळीकडे जाऊन एका पिशवीत सामान पाठवते, वर पुढच्या खेपेला काय लागेल तेही ओळखून ठेवते. यात सोय आहे. आणि आपण काय काय घेतलं ते मावशीला ठाऊक असतं, हेही आहे.

एक छोटा तांत्रिक तपशील मला फार बोलका वाटतो. प्रत्येक ब्राउझर वेबसाइटला स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. पहिल्या सिल्कच्या ओळीत सुरुवातीच्या भागात यायचं "मॅकिंटॉश, इंटेल मॅक ओएस एक्स", मधे "सिल्क", पुढे "सफारी", आणि शेवटी "सिल्क-ॲक्सिलरेटेड=ट्रू". म्हणजे सात इंची अँड्रॉइड टॅबलेट साइटला सांगत होता की मी मॅकवरचा सफारी आहे. उद्देश उघड होता: मोबाइलचं कापलेलं पान नको, पूर्ण पान मिळावं. पण पूर्ण पान सात इंचांवर आलं की अक्षरं बारीक आणि बोट जाडं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी डिसेंबर २०११ मध्ये किंडल फायरची चाचणी घेऊन नाराजी नोंदवली, त्यात हा मुद्दा होताच. सर्व्हरवर अफाट ताकद लावायची आणि ती वापरून चुकीच्या मापाचं पान लवकर आणायचं, असा तो प्रकार झाला.

या टप्प्यावरचा खरा निर्णयबिंदू वेगळाच आहे. "आपल्या यंत्रावर आपला ब्राउझर हवा" आणि "लोकांची वेबवाहतूक आपल्या सर्व्हरांतून जावी" हे दोन स्वतंत्र निर्णय होते. ते एकाच गाठीत बांधले गेले. पहिला जवळपास अपरिहार्य होता. दुसरा मुळीच नव्हता. घोषणेत मात्र दुसराच मिरवला, त्यामुळे टीकाही त्याच्यावर आली आणि तिचे शिंतोडे पहिल्यावर उडाले.

पहिला धक्का: विश्वास

घोषणेनंतर सोळा दिवसांनी अमेरिकी काँग्रेसचे सदस्य एड मार्की यांनी ॲमेझॉनच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. तारीख १४ ऑक्टोबर २०११. लोकांची कुठली माहिती गोळा होते, कशासाठी वापरली जाते, नको असेल तर बाहेर कसं पडायचं, असे सरळ प्रश्न. कंपनीचं उत्तर आलं, पण मार्कींचं समाधान झालं नाही आणि तेही त्यांनी जाहीर केलं.

याच सुमारास डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने ॲमेझॉनशी बोलून तपशील छापले. चित्र भीती वाटत होती तेवढं वाईट नव्हतं. सर्व्हरची मदत बंद करता येत होती. नोंदींत पानाचा पत्ता, वेळ आणि त्या वेळच्या वापरापुरतं एक चिन्ह राहत होतं, ग्राहकाचं खातं त्याला जोडलेलं नव्हतं. नोंदी ३० दिवस ठेवल्या जात. आणि एचटीटीपीएसची, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाहीत अशी कुलूपबंद पानं सर्व्हरकडे न जाता टॅबलेटवरून थेट मूळ साइटकडे जात होती. या शेवटच्या मुद्द्यावर आधी गोंधळ झाला होता. ॲमेझॉनच्याच मदतपानावरच्या एका वाक्यातून असा अर्थ निघत होता की सुरक्षित पानांसाठीही कंपनी मधे बसणार. फाउंडेशनने तरीही बजावलं की एवढ्या लोकांच्या वाचनाच्या नोंदी एका जागी साठल्या की पोलीस आणि न्यायालयांचं लक्ष तिकडे जाणारच.

चुकलं कुठे? उत्तरं बरी होती, पण ती विचारल्यावर आली. ज्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी लोकांची पुस्तकं परस्पर पुसली, आणि जी सांगते की आमची कमाई तुमच्या वापरातून आहे, तिने "तुमची सगळी वाहतूक आमच्याकडून जाईल, आणि हे आधीपासून चालूच असेल" असं म्हटलं की लोक दचकणारच. ऑपेरा मिनीवर अशी ओरड झाली नाही, खरं तर तिथे सुरक्षित पानंही सर्व्हरवर उघडली जात. फरक मोबदल्याचा होता. २जी वर डेटा वाचत होता, पान उघडत होतं, हे माणसाला रोजच्या रोज दिसत होतं.

दुसरा धक्का: वेग

किंडल फायर नोव्हेंबर २०११ च्या मध्यावर लोकांच्या हातात पडला आणि परीक्षणं येऊ लागली. आनंदटेकसारख्या काटेकोर परीक्षकांना सर्व्हरची मदत चालू ठेवून काही खास फायदा दिसला नाही. काही चाचण्यांत ती बंद केल्यावर पानं लवकर उघडली. डिसेंबरात सॉफ्टवेअर सुधारलं, पण पहिलं मत बनून गेलं होतं.

गणित तर बरोबर होतं, मग झालं काय? माझ्या मते दोन कारणं. पहिलं, पहिला किंडल फायर फक्त वायफायवर चालायचा. त्यात मोबाइलचं सिमच नव्हतं. १०० मिलिसेकंदांचा जो फटका घोषणेत मांडला होता, तो मोबाइल जाळ्यावर जास्त बसतो. घरच्या ब्रॉडबँडला जोडलेल्या वायफायवर तो बराच कमी होतो. म्हणजे औषध जोरकस होतं, पण हा रोगी तितका आजारी नव्हता. मोबाइल जोडणीचा फायर पुढच्या वर्षी आला.

दुसरं कारण हळूहळू उलगडलं आणि ते जास्त खोल आहे. विश्वासाच्या मुद्द्यावर दिलेलं वचन असं होतं की कुलूपबंद पानं आम्ही उघडणार नाही. २०११ मध्ये अशी पानं कमी होती, बँक आणि पैसे भरण्यापुरती. मग वारं फिरलं. ऑगस्ट २०१४ मध्ये गूगलने शोधनिकालांत एचटीटीपीएसला किंचित झुकतं माप द्यायला सुरुवात केली. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने साइटना त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं फुकट वाटली. २०१७ च्या सुरुवातीला फायरफॉक्सच्या आकडेवारीत निम्मी वेबवाहतूक कुलूपबंद झाली होती. मावशीकडे यादी द्यायची, पण बंद पाकिटं तिला दाखवायची नाहीत असं ठरलेलं, आणि बघता बघता सगळाच बाजार बंद पाकिटांत आला. वेगाच्या कल्पनेखालची जमीनच सरकली. त्यात फोन-टॅबलेट ताकदवान झाले, आणि स्पीडीतल्या कल्पना २०१५ मध्ये एचटीटीपी/२ या सर्वांच्या मानकात आल्या, म्हणजे त्या कुठल्याही ब्राउझरला मिळाल्या.

कलाटणी: टीव्हीवरचं दार

इथवर वाचून सिल्क ही फसलेली कल्पना वाटेल. पण ॲमेझॉनने तो बंद केला नाही. क्रोमियमच्या (क्रोम ज्यावर उभा आहे त्या) मुक्त गाभ्यावर नेला आणि शांतपणे चालू ठेवला.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या दुकानातून गूगलचं क्रोमकास्ट हे टीव्हीला लावायचं यंत्र विकणं थांबवलं. भांडण वाढत गेलं. ५ डिसेंबर २०१७ रोजी गूगलने जाहीर केलं की १ जानेवारी २०१८ पासून फायर टीव्हीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या तशाच यंत्रावर, यूट्यूब चालणार नाही. फायर टीव्ही घेणाऱ्याला यूट्यूब नाही, हे घरात सांगून बघा! ॲमेझॉनने दोनेक आठवड्यांत फायर टीव्हीसाठी सिल्क आणि मोझिलाचा फायरफॉक्स दोन्ही उपलब्ध केले. यूट्यूबच्या चौकोनावर दाबलं की "कुठल्या ब्राउझरमध्ये उघडू?" असं विचारणारा पडदा येऊ लागला. ॲप बंद झालं तरी वेबसाइट चालू होती. कटकटीचं होतं, रिमोटने बाण हलवत बसावं लागे, पण घरातलं मूल गप्प बसत होतं. दोन्ही कंपन्यांनी एप्रिल २०१९ मध्ये समेट जाहीर केला आणि ९ जुलै २०१९ रोजी यूट्यूबचं ॲप फायर टीव्हीवर परतलं.

ऑगस्ट २०११ च्या क्लाउड रीडरशी हे ताडून पाहा. तेव्हा ॲपलने ॲपमधलं दुकान बंद केलं, ब्राउझरने वाट दिली. सहा वर्षांनी गूगलने ॲप काढून घेतलं, पुन्हा ब्राउझरनेच वाट दिली. सिल्क जाहीर करताना सगळा भर वेगावर होता. हा उपयोग घोषणेत कुठेच नव्हता, खरं तर कंपनीने तो दीडेक महिन्यापूर्वीच स्वतः अनुभवला होता.

भारतातली दोन पानं

ॲमेझॉनने २०१८ मध्ये फक्त भारतासाठी अँड्रॉइडवर एक हलका ब्राउझर आणला. नाव साधंच, "इंटरनेट". आकार दोन मेगाबाइटच्या आत, मुखपृष्ठावर बातम्या, क्रिकेट, मनोरंजन, आणि जास्तीच्या परवानग्या मागत नाही हा दावा. सिल्कच्या वेळचा धडा इथे दिसतो: खासगीपणाचा मुद्दा आधीच मथळ्यात. पण फोनमध्ये क्रोम बसवून आलेला असताना हा मुद्दाम उतरवून घ्यायला कारण पुरेसं नव्हतं. तो गाजावाजा न करता आला आणि फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. चौथ्या पर्यायात मांडलेली अडचण ती हीच.

ज्या हलक्या ब्राउझरने इथे खरा जम बसवला तोही एका विक्रेत्याचाच होता. यूसी ब्राउझर बनवणारी यूसीवेब चीनच्या अलिबाबाने २०१४ मध्ये पूर्ण ताब्यात घेतली. २०१५ मध्ये कॅनडातल्या सिटिझन लॅब या संशोधनगटाने त्यातून वापरकर्त्यांची माहिती गळत असल्याचं दाखवलं. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तो होता. बंदीमागे सीमेवरचा तणाव होता हे खरं, पण माहितीचा प्रश्न त्याआधी पाच वर्षं तसाच लोंबकळत होता.

बेंगळुरूत तर उलटाच प्रयोग झाला. फ्लिपकार्टच्या मालकीच्या मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइटच बंद करून फक्त ॲप ठेवलं. ब्राउझरच नको, म्हणजे मधला कुणी नको. गिऱ्हाईक मात्र तसं वागलं नाही. फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०१५ मध्ये क्रोमच्या चमूसोबत फ्लिपकार्ट लाइट हे ब्राउझरमध्ये ॲपसारखं चालणारं दुकान काढलं, आणि मिंत्राची कॉम्प्युटरवरची साइट १ जून २०१६ ला परत उघडली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, ती गाठ सोडायला हवी होती. पहिल्या दिवशी साधा, नेटका ब्राउझर द्यायचा आणि सर्व्हरची मदत पर्याय म्हणून ठेवायची: बंद अवस्थेत, "चालू केलीत तर हे होईल, ही माहिती आमच्याकडे जाईल" अशा चार ओळींसह. थोड्याच लोकांनी ती चालू केली असती, पण जिथे जाळं कमजोर तिथेच केली असती, आणि तिथेच तिचा फायदाही मोजता आला असता. यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे: पुढचं पान ओळखण्याची कल्पना भरपूर लोकांच्या वाहतुकीवर उभी होती, ती मग उभीच राहिली नसती. मला वाटतं, राहिली नसती तरी बिघडलं नसतं.

चाचणी कुठल्या जाळ्यावर घ्यायची, हा प्रश्न कुणीतरी ठणकावून विचारायला हवा होता. यंत्र वायफायचं, तर आकडेही वायफायचेच.

एचटीटीपीएसचं वारं २०११ मध्ये ओळखता आलं असतं का? काही अंशी. जीमेलने जानेवारी २०१० पासून ते सगळ्यांसाठी चालू केलं होतं. फेसबुकने २०११ च्या सुरुवातीला तो पर्याय दिला होता. दिशा दिसत होती, वेग दिसत नव्हता. त्यामुळे इथे मी कंपनीला फार दोष देणार नाही. पण ज्या सोयीचा पाया "पानं उघडी आहेत" यावर आहे, तिच्यात किती वर्षांची गुंतवणूक करायची, एवढा हिशोब तरी मांडायला हवा होता.

आणि ब्राउझर टिकवण्याचा खर्च कशातून भागतो ते मोजताना शोधखिडकी विसरू नये. सफारीत आधीपासून लावलेलं (मूळ) शोधयंत्र आपलंच राहावं म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या मक्तेदारी खटल्यात उघड झालं. सिल्कचा पसारा त्याच्या जवळपासही नाही, पण मूळ शोधयंत्र कुठलं ठेवायचं हे ॲमेझॉन ठरवू शकतं. २०१२ च्या फायर एचडीवर ते मायक्रोसॉफ्टचं बिंग होतं.

सध्या प्रकरण कुठे आहे

आता ब्राउझर नुसतं पान दाखवत नाही, सांगितलं तर खरेदीही करतो. एआय कंपन्यांपैकी पर्प्लेक्सिटीचा कॉमेट जुलै २०२५ मध्ये आला, ओपनएआयचा ॲटलस ऑक्टोबर २०२५ मध्ये. "दोनशे डॉलरच्या आतले बूट घे" असं सांगितलं की हा ब्राउझर ग्राहकाच्या खात्यातून दुकानात फिरतो. अशा वेळी जाहिरातीच्या जागा, सुचवलेल्या वस्तू, शेजारची मांडणी हे सगळं कुणासाठी? नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने पर्प्लेक्सिटीवर कॅलिफोर्नियात दावा ठोकला. म्हणणं असं की कॉमेट स्वतःची ओळख लपवून साधा क्रोम असल्यासारखा दुकानात शिरतो. पर्प्लेक्सिटीचं म्हणणं, ग्राहकाने नेमलेला मदतनीस म्हणजे ग्राहकच. योगायोग असा की पर्प्लेक्सिटीत पैसे गुंतवणाऱ्यांत ॲमेझॉनचे संस्थापकही आहेत.

ओळख लपवण्याच्या आरोपावरून मॅकचा मुखवटा घातलेला पहिला सिल्क आठवतो, पण ही तुलना न्यायालयात टिकण्यासारखी नाही. व्यवहारातली अडचण दुसरीच आहे. ॲमेझॉनकडे सिल्क आहे, तो फायर टॅबलेटवर, फायर टीव्हीवर आणि इको शो या पडद्याच्या स्मार्ट स्पीकरवर. कॉमेट आणि ॲटलस ज्या लॅपटॉपवर चालतात, तिथे तो नाही.